‘मला आता काही सुचतच नाही’

“पूर्वी कल्पनांची गर्दी व्हायची. आता कामाला बसलं की हातच चालत नाही. माझ्यातली सर्जनशीलता आटली का?” चित्रकार, लेखक, शिक्षक, प्रोग्रामर, सगळ्यांकडून हा प्रश्न येतो. पुढचा अनुभव पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या एका तरुणीचा आहे. तिला मीरा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत झोप, भूक, कामाबाहेरच्या गोष्टींतला रस यांची चौकशी झाली. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन सतत खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर आधी नैराश्याची तपासणी व्हायला हवी. मीराच्या बाबतीत तसं नव्हतं. मग तिला विचारलं, “काल कामाला बसल्यावर नेमकं काय झालं? अगदी मिनिटामिनिटाचं सांगा.”

उत्तरातून वेगळंच चित्र समोर आलं. तिला सुचत होतं! पण पहिला आराखडा उतरला, की दहाएक मिनिटांत ‘हे फारच बाळबोध आहे’ म्हणून ती तो पुसायची. मग संदर्भाच्या नावाखाली दुसऱ्यांची कामं बघत बसायची आणि मुदतीच्या आदल्या रात्री जमेल तसं उरकायची.

“समजा, आराखडा बाळबोध आहेच. त्याचा तुमच्या लेखी अर्थ काय?” जे उत्तर येईल त्यालाच पुन्हा हा प्रश्न विचारायचा. चौथ्या उत्तराला मूळ हाती लागलं: ‘खरी प्रतिभा असणाऱ्याला पहिल्या फटक्यातच चांगलं सुचतं. मला तसं सुचत नाही, म्हणजे माझ्यात ती नाही.’ हे किती खरं वाटतं? शंभरपैकी 90, मीरा म्हणाली.

अशी समजूत वर्षानुवर्षं टिकते, कारण तिची परीक्षाच होत नाही. आदल्या रात्री केलेलं काम पसंत पडलं तर ‘नशिबाने निभावलं’, नापसंत झालं तर ‘मला माहीतच होतं’. दोन्हीकडून समजूतच जिंकते. शिवाय ती कामापुरती राहत नाही. बैठकीत अर्धवट शंका मीरा विचारत नसे, आणि पोहायला शिकायचं मनात असून, नवशिकी दिसू म्हणून, गेली नव्हती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा गाभा हाच: प्रसंग आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये आपली धारणा उभी असते. ती बदलायची कशी? ‘मी प्रतिभावान आहे’ असं रोज स्वतःला बजावून नाही. ज्या मनाला उलट गोष्ट 90 टक्के पटलेली आहे, ते लगेच वाद घालतं आणि माणूस आणखी खचतो. त्यापेक्षा धारणेला अंदाज मानावं आणि तो तपासावा.

मीराचा प्रयोग असा ठरला. एकाच मुखपृष्ठाचे सहा आराखडे, प्रत्येकी पाच मिनिटं, पेन्सिलने, खोडरबर दूर ठेवून. मधल्या काळात दुसऱ्यांची कामं बघायची नाहीत. सहापैकी दोन त्याच दिवशी एका विश्वासू सहकाऱ्याला दाखवायचे. दाखवण्याआधी भाकीत लिहून ठेवायचं. इथे बहुतेकांची गफलत होते. ‘वाईट वाटेल’ हे भाकीत उपयोगाचं नाही, कारण ते नेहमीच खरं ठरतं. मीराने लिहिलं, ‘तो दोन्ही बाजूला सारेल आणि पुन्हा करायला सांगेल.’ हे घडलं की नाही, ते सांगता येतं.

पहिल्या खेपेला प्रयोग फसला. पाच मिनिटांऐवजी तिने एका आराखड्यावर तासभर घालवला आणि तोच दाखवला. हीच बचावाची सवय असते: कच्चं दाखवायचंच नाही, मग कच्चं चालतं का, हे कळणार कसं? पुढच्या वेळी गजर लावून केलं. सहकाऱ्याने एक आराखडा बाजूला ठेवला, दुसऱ्यातल्या अक्षरांच्या मांडणीवर बराच वेळ बोलला. तिच्या मते तो आराखडा सर्वांत सुमार होता.

एका अनुभवाने धारणा ढळत नाही, ‘तो चांगला माणूस आहे म्हणून’ असं मन म्हणतंच. म्हणून पुढे माणसं बदलली, कामं बदलली, प्रत्येक वेळी भाकीत आणि घडलेलं शेजारीशेजारी लिहिलं. एका ग्राहकाने आराखडे खरोखरच नाकारले. तेव्हा ‘समजूत किती खरी वाटते’ याचा आकडा पुन्हा वर गेला, पण त्या नोंदीतून आणखी एक गोष्ट दिसली: नकारानंतर तिने दुसऱ्याच दिवशी नवे चार आराखडे काढले होते. पूर्वी अशा वेळी आठवडा वाया जायचा.

काही महिन्यांनी मीराचा आकडा 40 वर आला. शून्य व्हावा असा आग्रह नव्हता. मुदतीच्या आदल्या रात्री काम उरकणं बरंच कमी झालं आहे. नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत कच्चं काम दाखवणं मात्र तिला अजून जड जातं, आणि सध्याचा प्रयोग त्यावरच चालू आहे.