अ‍ॅडव्हेंचर बाइक 21 इंची चाकावरून 19वर का आल्या, आणि काही परत 21वर का गेल्या?

डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर लांबचा प्रवास करणाऱ्या या मोटरसायकलींच्या पुढच्या चाकाबद्दलचा हा प्रश्न. त्याला जोडून आणखी एक येतो: कच्च्या रस्त्यासाठी जन्मलेल्या या गाड्या अडीचशे किलोच्या कशा झाल्या? दोन्हींचं उत्तर एकच: मागे माणूस बसला, बाजूला पेट्या आल्या आणि बराचसा प्रवास डांबरावर होऊ लागला.

सुरुवातीच्या दुहेरी वापराच्या (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींच्या) गाड्या हलक्या होत्या. 1968ची यामाहा डीटी-1 ही 250 सीसी टू-स्ट्रोक. मग यामाहाचीच एक्सटी500, जिच्यावर सिरिल नेवूने 1979ची पहिली पॅरिस-डकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली. खरा फाटा फुटला 1980मध्ये, बीएमडब्ल्यू आर80 जी/एसमुळे: 797 सीसीचं दोन सिलिंडरचं बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरचं) इंजिन, 50 हॉर्सपॉवर, एकाच बाजूचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि चेनऐवजी चाक फिरवणारा शाफ्ट. वाळूत चेन झिजण्याची कटकट संपली, पण थ्रॉटल उघडला की मागची बाजू वर उचलली जायची. पुढे बीएमडब्ल्यूच्याच आर100जीएसच्या पॅरालिव्हरने, म्हणजे जादा सांधा असलेल्या स्विंगआर्मने, ती खोड बरीच कमी केली. त्याच गाडीत स्पोक रिमच्या कडेला बसवले होते. स्पोक कसणाऱ्या निपलची भोकं हवेच्या पोकळीबाहेर गेली, म्हणून स्पोकच्या चाकावर ट्यूबलेस टायर चालू लागला. माझ्या मते ही सुधारणा इंजिनाइतकीच मोठी.

आर80 जी/एसचं पुढचं चाक 21 इंची होतं. मोठा व्यास दगडावर, चरीवर कमी कोनात चढतो आणि अरुंद टायर वाळूत कापत जातो. पण भरधाव गाडी वळणात टाकताना तेच चाक हट्टीपणा करतं, आणि ब्रेक लावताना जमिनीशी पकडही कमी. म्हणून 1994च्या बीएमडब्ल्यू आर1100जीएसला पुढे 19 इंची, 110 मिमी रुंद टायर आला. वजन तोवर आर80च्या 186वरून 243 किलोवर गेलं होतं. पण कच्च्या रस्त्यावर मोठ्या चाकाचा तो फायदा कायम होता. 2016मध्ये होंडाने आफ्रिका ट्विन 21 इंचांवरच परत आणली. यामाहा टेनेरे 700 हीसुद्धा पुढे 21 आणि मागे 18 इंची, वजन 200 किलोच्या जरासं वर. माझा कौल विचाराल तर निम्म्याहून जास्त प्रवास डांबरावर असेल तर 19च घ्या. 21 नुसतं दिसायला घेऊ नका.

गाडी घेतल्यावर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मागच्या शॉककडे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे). सामान आणि स्वार धरून गाडी एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) साधारण 30 टक्के खाली बसली पाहिजे. म्हणजे 200 मिमी ट्रॅव्हल असेल तर 60 मिमी. पेट्या लावून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) वाढवला नाही, तर मागचं बूड खाली जातं, हेडलाइट आभाळाकडे बघतो, पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणात गाडी बाहेर पळते. लोक दोष टायरला देतात. जड वस्तू पेटीच्या तळाशी आणि स्वाराच्या जवळ ठेवा, मागच्या टॉप बॉक्समध्ये नकोत.

हवेचं म्हणाल तर वाळूत किंवा चिखलात दाब कमी करणं ठीक, पण टोकदार दगडांवर तेवढाच कमी ठेवला तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून दोन भोकं पडतात. शिवाय कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा सुरुवात झाली. ट्यूबलेस असेल तर टायरची कड रिमवरून सुटून हवा एकदम जाते. डांबर लागण्याआधी हवा परत भरा, त्यासाठी छोटा पंप आणि गेज सीटखाली असू द्या.