पीबीपीके मॉडेलवर कितपत भिस्त ठेवावी?

फार्मसीच्या शेवटच्या वर्षातील एका सदस्याने विचारले आहे की, उंदरांवरील आकडे शरीराच्या वजनानुसार वाढवून माणसाचा अंदाज बांधता येत असेल, तर पीबीपीके मॉडेलचा (शरीररचनेच्या आधारे औषध शरीरात कुठे, किती पोहोचते याचे गणित मांडण्याचा) एवढा खटाटोप कशासाठी, आणि त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का.

अवयवांना रक्तप्रवाहाने जोडलेले कप्पे मानून समीकरणे लिहिण्याची कल्पना स्वीडनच्या टॉर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ मध्येच मांडली होती. ती वापरण्याजोगी व्हायला संगणकाची वाट पाहावी लागली. तिचे खरे बळ असे की, अवयवांचे आकारमान, यकृतातून तासाला वाहणारे सुमारे ९० लिटर रक्त, एन्झाइमांचे प्रमाण ही शरीराची माहिती एकीकडे राहते, तर विद्राव्यता, प्रथिनांशी बांधला जाणारा अंश, यकृतपेशींत मोजलेला विघटनाचा वेग ही औषधाची माहिती दुसरीकडे. त्यामुळे औषध तेच ठेवून रुग्ण बदलता येतो. नुसत्या वजनाने हे साधत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने नवजात बालके दगावली, त्यामागे त्यांच्या यकृताची ग्लुकुरोनिडेशनची (औषधाला साखरेसारखा रेणू जोडून ते बाहेर टाकण्याजोगे करण्याची) अपुरी क्षमता होती आणि वजनाच्या हिशेबात ती कुठेच दिसत नाही.

इब्रुटिनिब या कर्करोगावरील औषधाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीतील जेमतेम ३ टक्के औषध रक्ताभिसरणात पोहोचते, कारण आतड्याच्या भिंतीतील आणि यकृतातील सीवायपी३ए४ हे औषधांचे विघटन करणारे एन्झाइम बाकीचे वाटेतच संपवते. केटोकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाने हे एन्झाइम रोखले तेव्हा निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील एकूण औषधसंपर्क २४ पट झाला. ज्या औषधाचा ८० टक्के भाग एरवीही पोहोचतो, त्याला या टप्प्यावर सव्वा पटीपेक्षा अधिक वाढायला जागाच नसते. या निरीक्षणावर पारखलेल्या मॉडेलने हेच एन्झाइम मध्यम प्रमाणात रोखणाऱ्या एरिथ्रोमायसिन व डिल्टियाझेम या औषधांचा परिणाम वर्तवला आणि २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या माहितीपत्रकात तो अंदाज समाविष्ट झाला.

मात्र सगळीकडे एवढी खात्री बाळगू नये. यकृतपेशींतील मोजमापावरून काढलेला निचरा (शरीरातून औषध नाहीसे होण्याचा वेग) बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, आणि पाण्यात न विरघळणाऱ्या किंवा पेशींत ने-आण करणाऱ्या वाहक प्रथिनांवर अवलंबून असणाऱ्या औषधांचे गणित अनेकदा फसते. मग एखादा गुणक हळूच बदलून रक्तातील औषधाच्या पातळीची वक्ररेषा जुळवली जाते. ही जुळवाजुळव असते, तिला भाकीत म्हणता येत नाही. म्हणून मी कोणताही अहवाल वाचताना कोणता आकडा नंतर बदलला हे आधी शोधतो. अंदाज प्रत्यक्षाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत आला तर तो ग्राह्य धरण्याचा प्रघात आहे, पण डिगॉक्सिनसारख्या, गुणकारी व विषारी मात्रेत थोडेच अंतर असलेल्या हृदयाच्या औषधात दुपटीची चूक रुग्णाला विषबाधेकडे नेऊ शकते.

तुमच्या प्रकल्पासाठी मिडाझोलॅम (सीवायपी३ए४ नेच विघटन होणारे गुंगीचे औषध) घ्यावे आणि पीके-सिम हे खुले सॉफ्टवेअर वापरावे. आधी शिरेतून दिलेल्या मात्रेचा आलेख जुळवा, नंतर तोंडावाटे दिलेल्या मात्रेचा, आणि त्यानंतर मिडाझोलॅमचा एकही आकडा न बदलता केटोकोनाझोलसह काय होते ते पाहून प्रकाशित निरीक्षणांशी ताडून बघा.