‘डिसेबल’ केलं म्हणजे वीज तुटली असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ११ चा लॅपटॉप, इंटेल प्रोसेसरसोबत वेगळं एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड. बॅटरी टिकावी म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून एनव्हिडिया, वेबकॅम, ब्लूटूथ, कार्ड रीडर, लॅन सगळं डिसेबल केलं, तर बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरायला लागली.

बहुधा एनव्हिडियामुळेच. डिसेबल केलं की त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, निघतो. पण काम नसताना कार्डाला ‘डी३ कोल्ड’ अवस्थेत नेऊन त्याचा पुरवठा तोडून घेणं हे त्या ड्रायव्हरचंच काम. दिवे मालवणाऱ्यालाच तुम्ही सुट्टी दिलीत. बऱ्याच लॅपटॉपांत मग कार्ड नुसतंच जागं बसतं, आणि त्याच्यापायी प्रोसेसरलाही खोल झोपेच्या सी-स्टेटमध्ये जाता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह घेऊन बसलेल्या ‘अननोन डिव्हाइस’चंही असंच होऊ शकतं. आधी ड्रायव्हर टाका, मग काय ते ठरवा.

तेव्हा कार्ड परत एनेबल करा आणि ते झोपतंय का ते बघा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या ‘डेस्कटॉप’ मेन्यूत नोटिफिकेशन एरियात जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) अ‍ॅक्टिव्हिटीचं चिन्ह दाखवण्याचा पर्याय आहे. त्या चिन्हावर क्लिक केलं की कार्ड कोण वापरतंय त्यांची नावं दिसतात. अशा प्रोग्रॅमना सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन ‘पॉवर सेव्हिंग’ लावा. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर तो काढून बघा. पुष्कळ मॉडेलांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो, आणि मॉनिटर लावलेला असेपर्यंत कार्ड झोपत नाही.

मोजल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही. चार्जर काढा, ब्राइटनेस एका जागी ठेवा, सगळे प्रोग्रॅम बंद करून दहा मिनिटं थांबा. मग एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बॅटरीचा ‘चार्ज रेट’ बघा, बॅटरी उतरताना तो उणे वॉटमध्ये दिसतो. इथे एक गोची आहे: एचडब्ल्यूइन्फो स्वतःच कार्डाला दर दोन सेकंदांनी उठवत राहू शकतो. सेन्सरच्या यादीत एनव्हिडियाच्या गटावर राइट क्लिक करून त्याचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर मोजायला गेलात म्हणूनच आकडा वाढलेला दिसेल. ५० वॉट-तासांची बॅटरी १६ वॉटला जेमतेम तीन तास चालते, ८ वॉटला सहा तासांवर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा लिहून ठेवा.

वेबकॅम आणि ब्लूटूथवर फार जीव टाकू नका. वेबकॅम आतून यूएसबीवरच असतो आणि वापरात नसला की सस्पेंड होतो. ब्लूटूथ नुसतं चालू असण्याचा फरक आकड्याच्या चढउतारातच हरवतो. लॅन आणि कार्ड रीडर खरंच कधी लागत नसतील तर ते बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून, बंद करा. थिंकपॅड, लॅटिट्यूडसारख्या ऑफिसच्या मशिनांत ती सोय असते, घरगुती मॉडेलांत बहुधा नसते. बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) सस्पेंड करा किंवा ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. बदलानंतर मशीन ती मागू शकतं. कॅमेरा तिथून बंद केलात तर चेहऱ्याने लॉगिन होणंही गेलं, हे ध्यानात असू द्या.

लॅपटॉपात जास्तीची २.५ इंची हार्ड डिस्क नुसती पडून असेल तर मात्र ती काढाच. डिव्हाइस मॅनेजरमधली चिपसेट, पीसीआय रूट पोर्ट, थर्मल फ्रेमवर्क, मॅनेजमेंट इंजिन ही नावं अनोळखी वाटली तरी त्यांना हात लावू नका. आणि स्क्रीन १४४ हर्ट्‌झची असेल तर बॅटरीवर ६० करा, ब्राइटनेस निम्मा ठेवा. वेबकॅम, ब्लूटूथ, कार्ड रीडर मिळून वाचवणार नाहीत इतकं एवढ्यात वाचतं.

आकडा १० वॉटच्या खाली येत नसेल तर ग्राफिक्स कार्डाचं मॉडेल आणि अ‍ॅक्टिव्हिटी चिन्हात दिसणारी नावं इथे टाका.