मँगनीजचं झाड

प्रश्न : रिवणजवळच्या एका बंद मँगनीज खाणीच्या वाटेवर आमच्या नातवाला चपटा दगड सापडला. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे, शाईने काढावी तशी रेखीव. शाळेत सगळे म्हणतात जीवाश्म आहे. दगड सोबत पाठवतोय. किती जुना असेल? — एक आजोबा, केपे

उत्तर : दगड पोचला. वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि वरून सुंभाची गाठ, म्हणजे घरात त्याचा काय मान आहे ते कळलंच. म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, पण हे पान नव्हे. झाड तर नव्हेच.

मी स्वतः यात फसलोय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असाच एक दगड रुमालात बांधून सरांपुढे ठेवला होता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, दगड डोळ्यांजवळ धरला आणि एवढंच विचारलं, "देठ कुठंय?" मी शोधत राहिलो. देठ नव्हता, मधली शीर नव्हती, पर्णिका समोरासमोर नव्हत्या.

तुमच्या दगडावर तांब्याने पाणी ओतून दहापट भिंगाखाली पाहिलं. नक्षी दगडाच्या एका कडेपासून सुरू होते आणि आत पसरते. फांद्यांना फांद्या फुटतात, कुठे जाड, कुठे बारीक, पण एक फांदी दुसरीला ओलांडून जात नाही. खरी पानं चिखलात पडली तर एकावर एक पडतात, दुमडतात, फाटतात. इथे एकही सुरकुती नाही. हा मँगनीजचा खेळ. दगडाला बारीक भेग पडते, पावसाचं पाणी मँगनीज विरघळवून त्या भेगेत झिरपतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की काळा थर धरतो. जे टोक पुढे गेलं त्याला नवं पाणी आधी मिळतं, म्हणून ते आणखी पुढे जातं. झाली फांदी. नातवाला एक गंमत करून दाखवा: दोन काचांमध्ये ओल्या रंगाचा थेंब दाबा आणि काचा ओढून वेगळ्या करा. कारण अगदी तेच नाही, पण झाड तस्सं उमटतं.

आता भेगेचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. जीवाश्म गाळाबरोबर थरात गाडला जातो, दगड होण्याच्या आधी. भेग पडते दगड घट्ट झाल्यावर. भेगेत पान शिरणार कुठून? शिवाय तुमच्याकडचे हे खडक अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. नेचे पृथ्वीवर आले त्याला चाळीस कोटी वर्षंसुद्धा झालेली नाहीत. हा गाळ साचत होता तेव्हा जगात पान नावाची वस्तूच नव्हती. पुढे उष्णता आणि दाबाने त्याचं रूपही पालटलं. आणि आपला जांभा? घरांचे चिरे पाडतो तो? तो तर पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेल्यावर उरलेला लोह-ॲल्युमिनियमचा चोथा. त्यात शिंपलाही टिकायचा नाही.

एरवीही जीवाश्म होणं सोपं नाही. मिरामारच्या वाळूत मेलेला खेकडा पडला तर कावळे आणि भरती मिळून संध्याकाळपर्यंत त्याचा मागमूस ठेवत नाहीत. तोच मांडवीच्या चिखलात पटकन गाडला गेला, वर गाळ साचत राहिला, हवा पोचली नाही, तर थोडी आशा. मग लाखो वर्षं क्षारांचं पाणी कवचाच्या, हाडाच्या छिद्राछिद्रांत शिरून साचत जातं, किंवा मूळ वस्तू विरघळून तिचा नुसता साचा उरतो.

नातवाला हिरमुसू देऊ नका. दगड कपाटात ठेवण्यासारखा आहेच, फक्त चिठ्ठी बदला.

प्रश्न : हाडांवरून डायनोसॉरचा आकार कळतो, पण तो काय खायचा हे कसं कळतं? — विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : शेणावरून! हसू नका. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं मिळतात, आणि त्याच थरांत दगड झालेली विष्ठाही. संशोधकांनी ती विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत सिलिकेचे सूक्ष्म कण. गवत जमिनीतून सिलिका ओढून पेशींत साठवतं. गवताच्या पात्याने बोट कापतं, त्यात तिचाच हात. पान कुजलं तरी कण राहतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचं कूळ ओळखता येतं. 2005 साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली, कारण डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच तोवर मानत. 2011 मध्ये त्याच विष्ठेतून भाताच्या कुळातल्या गवताचेही अंश ओळखले गेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी! आपण शीत-कडीला जेवायला बसतो, त्या शिताचे भाऊबंद तिथे कुणीतरी आधीच चरून गेलं होतं.

प्रश्न : शाळिग्राम म्हणजे जीवाश्मच असं ऐकलं. खरं का? — गृहिणी, फोंडा

उत्तर : चक्र असलेल्यांपैकी बऱ्याच शाळिग्रामांबाबत खरं. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे हे काळे गोटे, आणि आतलं चक्र म्हणजे अमोनाइटचा शंख. अमोनाइट म्हणजे माकूल (स्क्विड) नि ऑक्टोपसच्या नात्यातला समुद्री जीव, डायनोसॉरबरोबरच संपला. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याचा हा पुरावा. सगळ्याच गोट्यांत शंख असतो असं नाही.

आमच्या देव्हाऱ्यातही एक आहे, गुळगुळीत, बाहेरून काहीच न दाखवणारा. आत काय आहे ते बघायचं पन्नास वर्षं मनात आहे. आई होती तोवर हातोडी घरात शिरली नाही, आणि आता तुळशीच्या लग्नाला तोच लागतो.