ऐकणाऱ्यांचे प्रश्न : नवी रेकॉर्ड घ्यायची की मोबाईलवरच ऐकायचं?

प्रश्न : काका नमस्कार, मी इंदिरानगरला राहतो. तुमचं सदर आई वाचते, तिनेच लिही म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात बाबांना साठ पूर्ण होतायत. त्यांचा १९९०च्या आसपास घेतलेला टर्नटेबल माळ्यावर पडलाय, पंधरा वर्षं तरी कोणी लावलेला नाही. तो दुरुस्त करून सोबत चार-पाच नव्या कोऱ्या रेकॉर्ड द्याव्यात असं डोक्यात आहे, बाबांना द. वि. पलुस्करांची भजनं, ख्याल आणि नाट्यसंगीत म्हणजे जीव की प्राण. पण एकेक रेकॉर्ड अडीच-तीन हजाराला सांगतात आणि तेच सगळं मोबाईलवर आहे की. कॉलेज रोडचा एक मित्र म्हणतो डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात, रेकॉर्डवर तो अखंड राहतो. खरंय का? बजेट १५ हजार आहे.

उत्तर : बाबांसाठी एवढा विचार करतोयस हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी सरळच सांगतो, पाच घेऊ नकोस, एक घे, आणि बाकीचे पैसे मशीनवर आणि सुईवर घाल.

मित्राचं तुकड्यांचं म्हणणं खूप जणांकडून ऐकतो पण ते बरोबर नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला असतो आणि तेवढ्या मोजमापातून २० हजार हर्ट्झपर्यंतची, म्हणजे तरुण माणसाचा कान जिथवर पोचतो तिथवरची लाट पुन्हा अख्खी तयार होते, मधे पायऱ्या वगैरे काही उरत नाहीत. साठीतला कान तर त्याच्या बराच अलीकडे थांबतो. शिवाय सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलच्या घरात, चांगल्या एलपीवर, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डवर, साधारण ६० ते ७०. आता ख्यालात सुरुवातीला नुसता तानपुरा असतो, गायक षड्ज लावतोय, आणि नेमकं तिथेच खालून सर्रर्र आणि टकटक ऐकू येते. काहींना ती आवडते, मला नाही आवडत.

दुसरं म्हणजे आज निघणाऱ्या पुष्कळ रेकॉर्ड डिजिटल फाईलवरूनच कापलेल्या असतात. म्हणजे बरेचदा मोबाईलवर जे आहे तेच प्लास्टिकवर उमटवून तीन हजाराला. २०२२ मध्ये अमेरिकेतली एक नावाजलेली कंपनी, जिच्या महागड्या रेकॉर्ड लोक थेट मूळ टेपवरून काढल्यात समजून घ्यायचे, ती मधे डिजिटल टप्पा वापरते हे बाहेर आलं आणि बरेच गिऱ्हाईक चिडले. पण त्याआधी कित्येक वर्षं भल्या भल्या कानांना तो टप्पा जाणवला नव्हता, उलट त्याच रेकॉर्ड ते नावाजत होते. माझ्यासाठी एवढा पुरावा पुरे. आवाज चांगला की वाईट हे मूळ रेकॉर्डिंग कसं झालं आणि मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात ती शेवटची तयार प्रत, कोणी, किती जीव लावून केला त्यावर ठरतं. १८० ग्रॅमची जाड तबकडी आहे असं दुकानदार सांगेल, हातात वजनदार लागते, छान वाटते, पण नुसत्या वजनाने गाणं सुधारत नाही.

आता पलुस्कर. ते आपल्या नाशकात जन्मले १९२१ ला, वडील विष्णु दिगंबरांचा आश्रम इथे पंचवटीत, आणि १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले सुद्धा. एलपी अमेरिकेत आली १९४८ साली, आपल्याकडे रुळायला अजून वेळ लागला. त्यामुळे त्यांचं जे गाणं उरलंय ते मुख्यतः ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, आणि काही आकाशवाणीवरचं. त्याची नवी एलपी घेतलीस तर आत काय असणार, जुन्या तबकडीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर साफ करून पुन्हा तबकडीवर चढवलेलं. त्यात मूळ खरखर आहेच, वर नव्या रेकॉर्डची स्वतःची वेगळी. पलुस्कर डिजिटलवरच ऐकव, नीट साफ केलेली प्रत शोध आणि चांगल्या स्पीकरवर लाव, मोबाईलच्या स्पीकरवर नको रे बाबा.

ख्यालाची अजून एक अडचण आहे जी रेकॉर्डवाले सहसा सांगत नाहीत. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम २० ते २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून आतल्या बाजूला आवाज फाटतो, स-श चरचरतात. आणि ख्याल कसा असतो? संथ विलंबित आधी, म्हणजे प्रशस्त बाहेरच्या कडेला, आणि वेगातलं द्रुत, ताना, तराणा सगळं शेवटी, नेमकं अडचणीच्या जागेत. त्यात एका बाजूला पंचवीस मिनिटं कोंबली की खाचा अजून बारीक आणि आवाज अजून हळू. सुई झिजलेली असेल तर मग बघायलाच नको.

मग एक तरी का घे म्हणतो? कारण मी १९८०च्या दशकात रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानात काउंटरवर बसायचो आणि लोक कसे ऐकायचे ते बघितलंय. रेकॉर्ड लावली की माणूस वीस मिनिटं जागचा हलत नाही, पुढचं गाणं सरकवता येत नाही, बाजू पलटायला उठावं लागतं, कव्हरवर तबल्याला कोण आणि पेटीला कोण ते वाचतो. तुझे बाबा त्याच सवयीत वाढलेत. साठ ते ऐंशीच्या दशकात मूळ टेपवर झालेलं आणि एलपीसाठीच काढलेलं ख्यालाचं किंवा नाट्यसंगीताचं एखादं रेकॉर्डिंग निवड, कव्हरवर मास्टरिंग कोणी केलं आणि कशावरून केलं ते छापलंय का बघ, काहीच छापलेलं नसेल तर दुकानदाराला विचार, त्यालाही सांगता आलं नाही तर पैसे खिशातच ठेव. जुन्या फिल्मी गाण्यांच्या बाबतीत कधी कधी नवी रेकॉर्ड खरंच बरी निघते, कारण मोबाईलवरच्या काही प्रती आवाज चढवून चढवून सपाट केलेल्या असतात आणि रेकॉर्डसाठी वेगळं मास्टर केलेलं असतं. पण तसं प्रत्येक वेळी असतंच असं नाही.

घेतलीस की त्याच आठवड्यात दोन्ही बाजू पूर्ण ऐक. मागच्या वर्षी मी एक नवी आणली, तिचं भोक मधोमध नव्हतं, प्रत्येक फेऱ्याला तानपुरा डुलायचा. सील फोडलं म्हणून परत घेतली नाही, अजून मनाला लागतं ते.

टर्नटेबलचं असं. रबरी बेल्ट आता सैल नाहीतर चिकट झाला असणार, तो आधी बदल. वेग ३ टक्के कमी पडला तरी पेटीच्या काळी १ पट्टीत गाणारा माणूस काळी १ आणि तिच्या खालच्या पांढरी १ च्या मधे कुठेतरी उतरतो, बाबांचा कान तयार असेल तर त्यांना पहिल्या मिनिटात कळेल. सुई हिऱ्याची असली तरी ५०० ते १००० तासांत झिजते आणि झिजलेली सुई नव्या रेकॉर्डची खाच कायमची खराब करते, म्हणून जुन्या सुईवर नवी रेकॉर्ड एकदाही लावू नकोस. कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, मॅग्नेटिक असेल तर सुईचा दाब साधारण दीड ते अडीच ग्रॅम, कंपनीने जो सांगितलाय तोच. अँप्लिफायरला फोनोची, म्हणजे टर्नटेबल जोडायची, जागा नसेल तर सुईचा बारीक आवाज आधी वाढवणारा छोटा फोनो प्रीअँपही लागेल. एवढं करून पैसे उरलेच तर बाबांच्या जुन्या रेकॉर्ड धुवून घे, मला वाटतं त्यांना त्याचाच आनंद जास्त होईल.

प्रश्न : आजीच्या लोखंडी पेटीत ७८ च्या तबकड्या सापडल्या, पावसाळ्यात बुरशी आलीय. सॅनिटायझरने पुसू का? (पंचवटी)

उत्तर : अजिबात नको! त्या लाखेच्या असतात, फर्निचरच्या पॉलिशची लाख स्पिरिटमध्ये विरघळते तशीच ही विरघळते आणि सॅनिटायझरमध्ये तेच अल्कोहोल. डिस्टिल्ड वॉटर, साध्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल पुसा, लेबल ओलं होऊ देऊ नका आणि सावलीत वाळवा. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा आणि सांभाळून, हातातून पडली की तुकडेच होतात. एलपीची सुई त्यावर चालत नाही, ७८ ची खाच जवळपास तिप्पट रुंद असते, त्याची सुई वेगळी मागून घ्या.