अकरा चौकोन आणि मामाची वही

अगं,

तू पाठवलेला सॉफ्टवेअरच्या आराखड्याचा फोटो रायबंदरच्या फेरीधक्क्यावर बघितला, फेरी पलीकडे चोडणला लागलेली, त्यामुळे झूम करून बघायला भरपूर वेळ होता. अकरा चौकोन. मोजले मी. मामाच्या काजूच्या भट्टीचा हिशोब ठेवायला अकरा सर्व्हिस, म्हणजे अकरा सुटे प्रोग्रॅम, मध्ये त्यांचे निरोप पोचवायला काफ्का, वर सगळ्यांना चालतं ठेवायला कुबरनेटीस! भट्टी चालणार मार्च ते मे, लिहिणार मामा एकटा, दिवसाला फार तर चाळीस नोंदी, कोणी किती डबे बोंडं आणली, हुर्राक (पहिल्या धारेची दारू) किती, फेणी किती, उधारी कोणाची. आणि तू विचारतेस आर्किटेक्चर बरोबर आहे का.

एकच सांगतो, पुढे कितीही बडबडलो तरी तेच असणार: तुला एकटीला दुरुस्त करता येईल तेवढंच बांध.

मला हे आपोआप नाही सुचलेलं. गावच्या वाचनालयासाठी मी पण सात सर्व्हिस बांधलेल्या, फुकट, शनिवार-रविवार बसून. ऑफिसात जे करायला मिळत नव्हतं ते सगळं तिथे करून घेतलं, वाचनालय नुसतं निमित्त होतं, हे आता कबूल करतो. जूनमध्ये लाईट जा-ये करायला लागली, लॉगने, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदींनी, डिस्क भरली, एक सर्व्हिस दुसरीची वाट बघत बसली आणि मी बंगळूरला. ग्रंथपालबाई फोनवर मला स्क्रीनवरचं लाल वाक्य वाचून दाखवत होत्या, एकेक स्पेलिंग, ई फॉर एलिफंट करत. बॅकअप रोजचा होता, पण तो परत चढवून मी कधी बघितलाच नव्हता, आणि तो चढला नाही. आठवड्याने गेलो तर टेबलावर जुनं रजिस्टर, लाल रेघा मारून सगळं नीट लिहिलेलं. बाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सगळं मोडून एक प्रोग्रॅम आणि एक एसक्यूलाईटची फाईल, म्हणजे सगळा डेटाबेस एकाच फाईलमध्ये, बस. ते अजून चालतंय. एसक्यूलाईट २००० सालचं, वेगळा सर्व्हर लागत नाही. एका वेळी एकालाच लिहिता येतं म्हणून नाक मुरडू नकोस, मामा तरी एका वेळी किती वह्यांत लिहितो? फक्त चालू असताना फाईल नुसती कॉपी करू नकोस, त्याची स्वतःची बॅकअप कमांड आहे ती वापर, आणि ती कॉपी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघ. दर महिन्याला. खरंच बघ.

चोडणच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात, मानशीची, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेची, दारं बघितलीस कधी? भरती आली की बाहेरचं पाणीच दार ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं, कोणी बटण दाबत नाही. आणि बांध फुटला तर गावातलीच माणसं चिखल-दगड घालून बुजवतात, बाहेरून कोणाला आणावं लागत नाही. दुरुस्त करता येईल तेवढंच, परत तेच.

मला लोक म्हणतात हा मागे राहिला, याला स्केलची, म्हणजे मोठ्या पसाऱ्याची, भीती वाटते. भीती? शेकडो सर्व्हिसच्या ढिगाऱ्यात बारा वर्षं नोकरी केली मी! तिथे ते चालतं कारण रात्री दोनला उठायला पगारी माणसं आहेत. माझ्याबरोबरचे दोघं आज डायरेक्टर आहेत, असूदेत, त्यांचं स्वतःचं असं काय चालू आहे विचार त्यांना. जाऊदे, हे तुझ्यासाठी नव्हतं.

मग शिकू कधी, म्हणशील. शिक ना, काफ्का लॅपटॉपवर चढव, मोड, परत चढव. मामाच्या उधारीवर नको.

रविवारी भट्टीवर येतो. मामाला सांग गेल्या वर्षीची वही काढून ठेव, आधी ती पूर्ण वाचू, खोडलेल्या ओळींसकट. लॅपटॉप घरी ठेव.