जळगावात शेजाऱ्याने विनापरवाना मजला चढवला, महापालिका काय करते?

तोंडी तक्रारीवर काहीच हलत नाही. नगररचना विभागाला लेखी अर्ज द्या: गट क्रमांक, प्लॉट क्रमांक, तारखेसह फोटो. पोचीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग जागेची पाहणी होते, पंचनामा होतो आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 260 खाली किंवा नगररचना कायदा 1966 च्या कलम 53 खाली नोटीस निघते. काम चालू असेल तर त्याच नगररचना कायद्याच्या कलम 54 ची काम थांबवण्याची नोटीस मागा. स्लॅब टाकून झाल्यावर सगळंच अवघड होतं. पंचनाम्यात मापं नसली तर शेजाऱ्याला कोर्टात स्थगिती मिळू शकते, म्हणून लांबी-रुंदी लिहून घ्यायला लावा. अर्ज अडकला तर माहिती अधिकारात विचारा, उत्तराची मुदत 30 दिवस.

ओटा किंवा पायरी रस्त्यावर आली असेल तर अतिक्रमण विभाग. शास्ती (विनापरवाना बांधकामावरचा दंड) भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.